अडीच फुटांची वाट: नाशिकच्या ट्रामपासून आर्वीच्या रुळापर्यंत

वर्धा जिल्ह्यात रेल्वेची उणीव आहे, असे नकाशा पाहून कोणी म्हणणार नाही. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे देशाचे दोन थोर मार्ग याच जिल्ह्यात एकमेकांना भेटतात. तरीही समुद्रपूर या तालुक्याच्या गावी रूळ नाही. नैर्ऋत्येला हिंगणघाटावरून चेन्नईकडची गाडी जाते, ईशान्येला उमरेडवरून नागपूर–नागभीडचा मार्ग जातो, आणि मधल्या गावांनी जाम चौरस्त्यावर येऊन रस्त्याने नागपूर, चंद्रपूर किंवा हैदराबादची वाट धरायची, असा इथला रिवाज आहे. मोठी रेल्वे जवळून जाते म्हणजे ती आपल्या गावाची होते असे नाही. हे अंतर भरून काढण्यासाठीच महाराष्ट्रात ट्राम आणि अरुंद रुळाच्या छोट्या गाड्या आल्या. नाशिकला ट्राम आली, बार्शीला लाइट रेल्वे आली, अचलपूर–यवतमाळला ‘शकुंतला’ आली आणि आपल्याच जिल्ह्यात पुलगाव–आर्वीची गाडी आली. या सगळ्या गाड्यांचा रूळ एकाच मापाचा, अडीच फुटांचा. त्यांची दैवे मात्र निरनिराळी निघाली. एक पुरती पुसली गेली, एक नव्या रूपात जगली, तर काही अजून ना जिवंत ना मृत अशा अवस्थेत पडून आहेत. हा फरक का पडला, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की छोट्या गाडीचे आयुष्य तिच्या रुळाच्या रुंदीने ठरत नाही. तिची जबाबदारी कोणाची आहे आणि तिचा मार्ग पुढे कुठे पोहोचतो, या दोन गोष्टींनी ते ठरते.

आधी या गाड्यांची गरज कशी निर्माण झाली ते पाहू. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली आणि पुढच्या चौदा वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपल्याकडे रूढ झालेली ‘जीआयपी’, घाट चढून खानदेश-वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. मधल्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेनाशी झाली होती आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाला एकाएकी भाव आला होता. वर्धा जिल्हा वेगळा झाला तो १८६२ मध्ये, आणि वर्धा हे शहर वसवले गेले ते १८६६ मध्ये, रेल्वेच्या तोंडावर. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर बाजारात जातीचे नाव म्हणून चालत असे. पण मुख्य मार्ग आखणाऱ्या इंजिनियरांना मुंबई आणि नागपूर, मुंबई आणि मद्रास ही टोके जोडायची होती. मधली जुनी, नांदती शहरे कुठे आहेत याला त्यांच्या आखणीत दुय्यम महत्त्व होते. म्हणून नाशिकचे स्टेशन नाशिकपासून आठ-नऊ किलोमीटरवर पडले. बार्शीसारखी मोठी पेठ स्टेशनापासून २१ मैल लांब राहिली आणि त्या स्टेशनाला ‘बार्शी रोड’ असे नाव मिळाले. तेच आजचे कुर्डुवाडी. अमरावतीसारखे शहर बडनेऱ्याहून फाटा काढून जोडावे लागले. रेल्वेच्या वेळापत्रकात ‘रोड’ हे शेपूट ज्या ज्या गावाच्या नावाला लागले, त्या त्या गावी शेवटचा टप्पा बैलबंडीच्या किंवा टांग्याच्या हवाली होता. पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या रस्त्यावर बंडी रुतली की शेकडो कोस रेल्वेने झालेली बचत त्या अखेरच्या काही कोसांत संपून जाई.

हा शेवटचा टप्पा स्वस्तात कसा जोडायचा, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांत एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनियर अग्रेसर होता. १८८२ मध्ये तो जीआयपीत नोकरीला लागला. शहरापासून तुटलेल्या स्टेशनांची अडचण त्याने इथेच पाहिली. नाशिक शहर ते नाशिक रोड स्टेशन या ट्रामच्या उभारणीत सल्लागार इंजिनियर म्हणून त्याचा सहभाग होता. १८९० च्या आसपास सुरू झालेली ही ट्राम अडीच फुटी रुळावरून, घोड्यांच्या बळावर चाले. शहरातल्या मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपाशी ती सुटे आणि त्या वेळच्या रानातून स्टेशनला जाई. पुढे घोड्यांच्या जागी इंजिन आले. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होतीच, पण मुंबई ही मुंबई होती. नाशिकसारख्या यात्रेच्या, मध्यम आकाराच्या गावाने स्वतःची ट्राम चालवावी, ही त्या काळातली मोठी उडी होती. कॅलथ्रॉपने हाच विचार बार्शीला पूर्णत्वास नेला. १८९५ मध्ये त्याने बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. त्याचा सिद्धांत असा होता की रूळ हलका असला तरी चालेल, पण इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडता कामा नये. असे केले तर यार्डाला अवघा तीस पौंड वजनाचा रूळही भरपूर माल वाहतो. हा हिशेब खरा ठरला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला गेली आणि वारकऱ्यांची झाली. १९११ मध्ये ती लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. २१ मैलांची गाडी ३० वर्षांत सुमारे २०२ मैलांची झाली. अरुंद रुळाला मर्यादा असते हे खरे, पण ती मर्यादा किती लांब ताणता येते याचा हा दाखला आहे.

विदर्भातल्या गाड्यांचा जन्म जरा निराळ्या व्यवस्थेतून झाला आणि पुढची सगळी गुंतागुंत त्या व्यवस्थेतच दडली होती. मुख्य रेल्वेने आपले भांडवल फाट्यांवर गुंतवायचे नाही. त्यासाठी खासगी कंपन्या काढायच्या, भाग विकून पैसा उभा करायचा, रूळ कंपनीच्या मालकीचा ठेवायचा आणि गाडी मात्र मुख्य रेल्वेने आपली माणसे, आपले डबे लावून चालवायची, असे ते धोरण होते. गुंतवणूकदाराला किमान परताव्याची हमी किंवा मुख्य मार्गाच्या कमाईतून काही वाटा दिला जाई. मुंबईच्या किलिक निक्सन या व्यापारी पेढीने अशा अनेक फाटा-कंपन्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. १९१० मध्ये स्थापन झालेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी त्यांतलीच एक. मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर, दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी सुमारे १९० किलोमीटरची तिची लाइन झाली. लोकांनी तिला शकुंतला म्हटले. १९१७ मध्ये याच घराण्यातली पुलगाव–आर्वी ही ३५ किलोमीटरची लाइन सुरू झाली. पुलगाव जीआयपीच्या मुख्य मार्गावरचे, वर्धा नदीकाठचे, कापडगिरणीचे गाव, तर आर्वी ही कापसाची पेठ. सोरटा, विरूळ, रोहणा अशा गावांतून जाणारी ही गाडी आर्वीच्या जिनातून निघालेल्या गाठी पुलगावला आणून सोडी. तिथे त्या मोठ्या डब्यांत चढत आणि मुंबईला जात. रूळ एकाचा, गाडी दुसऱ्याची, कमाईचे वाटे कागदावर, अशी ही वाटणी चांगल्या दिवसांत खपून गेली. १९२०-२१ मध्ये भारतीय रेल्वेची चौकशी करणाऱ्या ॲकवर्थ समितीने मात्र या फाटा-कंपन्यांच्या पद्धतीवर स्पष्ट नापसंती नोंदवली होती. एका संस्थेने चालवायचे आणि दुसरीने बाळगायचे यातून कारभार सुटसुटीत राहत नाही, हे तेव्हाच दिसत होते.

तो इशारा किती खरा होता हे स्वातंत्र्यानंतर कळले. जीआयपीचा कारभार सरकारने १९२५ मध्येच हाती घेतला होता. १९५१ मध्ये तिच्यातून मध्य रेल्वे उभी राहिली. १९५४ मध्ये सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली. शकुंतलेची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली आणि चालवण्याची जबाबदारी करारान्वये मध्य रेल्वेकडे आली. ‘स्वतंत्र भारत अजून इंग्रजांना पैसे भरतो’ ही गोष्ट शकुंतलेच्या नावाने वर्षानुवर्षे सांगितली गेली. वस्तुतः तो करार ब्रिटिश सरकारशी नव्हता, एका खासगी कंपनीशी होता. ही दुरुस्ती महत्त्वाची आहे, कारण चुकीच्या गोष्टीने राग येतो आणि खरे दुखणे झाकले जाते. खरे दुखणे असे की रूळ बदलायचा, पूल मजबूत करायचा, नवे डबे आणायचे तर खर्च कोणी करायचा? जो चालवतो त्याचा रूळ नाही, आणि ज्याचा रूळ आहे त्याला वाहतुकीचे भवितव्य घडवायचे नाही. परिणामी १९२१ मध्ये मँचेस्टरला घडवलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत शकुंतला ओढत राहिले. या चिवटपणाचे आपण कौतुक केले, पण सात दशके तेच इंजिन चालवावे लागणे हा निष्काळजीपणाचाही पुरावा आहे. पुढे डिझेल इंजिन आले, पण रूळ आणि वेग जुनाच राहिला. प्रवासी आणि माल रस्त्याकडे वळले, फेऱ्या कमी झाल्या, आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून उरलेलेही वळले. आर्वीची गाडी या शतकात थांबली आणि तिच्यामागोमाग शकुंतलेच्या दोन्ही बाजूही थांबल्या.

आता एकाच माणसाच्या विचारातून निघालेल्या तीन मार्गांचा शेवट शेजारी-शेजारी ठेवून पाहू. नाशिकची ट्राम १९३० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. मोटारबस रस्त्यावर आली होती ती याच काळात. ट्रामला तगवणे ही आपली जबाबदारी आहे असे मानणारी सार्वजनिक संस्था तिच्यामागे नव्हती. आज नाशकात तिचा माग शोधायचा तर जुनी छायाचित्रे आणि आठवणी यांच्याकडेच जावे लागते. कॅलथ्रॉपनेच इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी गाडी १९०४ मध्ये उभारली होती. तीही १९३४ मध्ये बंद झाली, पण तिची जमीन विकून तुकडे झाले नाहीत. त्या पट्ट्यावर पायी आणि सायकलने जाण्याची वाट झाली आणि ती आजही वापरात आहे. तिसरी बार्शी. तिथे मालकी १९५४ पासून एकसंध होती, पट्टा शाबूत होता आणि मार्ग मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशा चार निरनिराळ्या ठिकाणी पुढच्या जाळ्याला किंवा मोठ्या बाजारपेठेला भिडत होता. म्हणून तिचे रूपांतर शक्य झाले. २००० नंतरच्या दहाएक वर्षांत ती टप्प्याटप्प्याने रुंद रुळाची झाली. हे करताना जुनी आखणी डोळे मिटून गिरवली गेली नाही. जुना अरुंद मार्ग उस्मानाबाद, आजचे धाराशिव, बाजूला टाकून जाई. नवा मार्ग त्या जिल्ह्याच्या ठिकाणी वळवून नेला गेला. पुनरुज्जीवन याचा अर्थ काय, हे या वळणावरून समजते. आजोबांचा अंगरखा जसाच्या तसा नातवाला चढवत नाहीत, तो नातवाच्या मापाने शिवतात. गेज गेले, इंजिने गेली, स्टेशनांचे रूप पालटले, पण बार्शी-लातूरला मुंबईशी जोडणारी वाट टिकली आणि रुंद झाली.

या वाटेची खरी किंमत कळली ती एप्रिल २०१६ मध्ये. लातूर शहर पाण्यावाचून तडफडत होते. मिरजेहून पाण्याने भरलेल्या टाक्यांची गाडी निघाली, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत ती १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली आणि शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. ‘जलदूत’ हे नाव त्या गाडीला शोभले. पण तिचा मार्ग पाहा. मिरज ते लातूर हा जवळजवळ सगळा पल्ला म्हणजे जुनी बार्शी लाइट रेल्वे. १८९७ मध्ये कापूस आणि धान्यासाठी टाकलेली, १९०६ मध्ये वारकऱ्यांसाठी वाढवलेली, १९२७ मध्ये मिरजेपर्यंत नेलेली आणि पुढे रुंद केलेली ती वाट, शंभराहून अधिक वर्षांनी एका शहराला पाणी पाजायला उपयोगी पडली. रूपांतराचा प्रस्ताव मांडणाऱ्याने फायद्या-तोट्याच्या रकान्यात ‘पाणी’ असा शब्द लिहिला असता, तर त्याला कोणी गंभीरपणे घेतले नसते. रूळ ही अशी मालमत्ता आहे की तिचे सगळे उपयोग आज मोजता येत नाहीत. म्हणूनच केवळ आजच्या तिकीटविक्रीवर तिचा निकाल लावणे चूक आहे.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो. या गाड्या आपल्या शेतकऱ्याचा कापूस स्वस्तात मँचेस्टरला नेण्यासाठी आल्या, मग त्यांचा शोक कशाला? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झटकून टाकता येणार नाही. भाड्याचे दर, मार्गांची दिशा, बंदराकडचा ओढा, हे सारे साम्राज्याच्या सोयीचे होते. परंतु रूळ ज्याने टाकला त्याच्या हेतूला तो कायमचा बांधलेला राहत नाही. त्याच जीआयपीच्या मार्गामुळे १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल चालली, हिंगणघाट आणि पुलगावला गिरण्या उभ्या राहिल्या, आणि वर्धा स्टेशनावर उतरून देशभरातली माणसे सेवाग्रामला गांधीजींकडे गेली. कापूस नेणारा रूळ माणसे, विचार आणि शेवटी पाणीही नेतो. वसाहतीच्या काळातल्या व्यवस्थेचा खरा दोष रुळात नव्हता, तो मालकी आणि जबाबदारी विभागणाऱ्या करारात होता. विचित्र गोष्ट अशी की आपण रूळ मरू दिला आणि करार सांभाळला.

दुसरा आक्षेप इंजिनियरांचा. ते म्हणतील, जबाबदारी वगैरे ठीक, पण अडीच फुटी रुळाचे मूळ दुखणे म्हणजे माल दोनदा हाताळावा लागणे. पुलगावला, मूर्तिजापूरला, कुर्डुवाडीला प्रत्येक गाठ छोट्या डब्यातून उतरवून मोठ्यात चढवावी लागे. ट्रक आल्यावर हे टिकणारच नव्हते. हा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. माल दोनदा हाताळण्याचे ओझे बार्शीवरही तेवढेच होते. तिथे त्यावर रुंदीकरणाचा उपाय झाला, विदर्भात त्याच रोगासाठी रोग्यालाच सोडून दिले गेले. रोग एक, घरे दोन आणि परिणाम वेगळे, तेव्हा कारण रोगात नाही, घरात शोधले पाहिजे. शिवाय नागपूर–नागभीड ही उमरेड-भिवापूरची अरुंद गाडी बघा. बंगाल नागपूर रेल्वेने १९०८ मध्ये ती सुरू केली आणि २०१९ च्या नोव्हेंबरात ती थांबली. पण ती थांबली रुंदीकरणासाठी. काम हाती घेतले ते राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांच्या संयुक्त कंपनीने, म्हणजे महारेलने. समुद्रपूरच्या एका बाजूला हे घडते आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आर्वीचा पट्टा गवतात पडून राहतो. दोन्ही अडीच फुटीच. पहिलीचा धनी निश्चित होता, दुसरीचा नव्हता.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरदार आहे. १९४८ मध्ये पुणे–अहमदनगर पहिली एसटी धावली, आणि नंतर एसटी गावोगाव पोहोचली. पुलगाव ते आर्वी ३५ किलोमीटर म्हणजे बसने तासाभराचे अंतर. तेवढ्यासाठी कोट्यवधींचा रूळ का? यासाठी इंग्लंडचा अनुभव ध्यानात घ्यावा. १९६३ च्या बीचिंग अहवालाने तिथले तोट्यातले फाटे बंद करायला सांगितले. माणसे बसने किंवा मोटारीने मुख्य स्टेशनला येतील आणि पुढे रेल्वेनेच जातील, असा हिशेब होता. प्रत्यक्षात एकदा मोटारीत बसलेला माणूस थेट मुक्कामालाच जाऊन उतरला. फाटा तोडल्यावर मुख्य मार्गानेही आपले गिऱ्हाईक गमावले. स्कॉटलंडमध्ये १९६९ मध्ये बंद केलेल्या एका मार्गाचा काही भाग २०१५ मध्ये पुन्हा बांधून सुरू करावा लागला. फाट्याचा जमाखर्च फाट्यापुरता मांडला की तो नेहमी तोट्यातच दिसतो, कारण त्याने आणलेल्या प्रवाशाचे आणि मालाचे उरलेले सगळे भाडे मुख्य मार्गाच्या खात्यावर जमा होते. एसटी ही रेल्वेची वैरी नाही. गावातून स्टेशनापर्यंत तीच नेते. पण संत्र्याच्या आणि कापसाच्या हंगामात वॅगनभर माल, किंवा आजारी माणूस आडवा झोपून मुंबई-दिल्लीला, हे बस देऊ शकत नाही.

चौथा आक्षेप माझ्याच बाजूच्या लोकांचा आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. ते म्हणतात, शकुंतला हा वारसा आहे. तिला रुंद करू नका, आहे त्या रूपात वाचवा. वारशाची अशी जपणूक जगात झाली आहे. वेल्समधली टॅलिलिन ही छोटी गाडी १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवून दाखवली. आपल्याकडे माथेरानची गाडी आहे. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने १९०७ मध्ये सुरू झालेली ही दोन फुटी गाडी २००५ च्या महापुरात उद्ध्वस्त झाली आणि दुरुस्त होऊन परत धावली. पुढे पावसाने पुन्हा मार्ग खचला, तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळपासून वर माथेरानपर्यंतची गाडी पुन्हा सुरू झाली. पण माथेरान का टिकले हे पाहिले पाहिजे. तिथे मोटारींना गावात मज्जाव आहे, घाटाचे वळणच गाडीचे आकर्षण आहे आणि प्रवासी गाडीसाठी म्हणून येतो. आर्वी-विरूळचा माणूस गाडीकडे कामासाठी बघतो. त्याला मंद गतीची शोभेची गाडी देऊन त्याच्या गरजेचे उत्तर मिळत नाही. जुनी इंजिने, डबे, सिग्नल जरूर जपावेत. नागपूरच्या मोतीबागेत अरुंद रुळाच्या रेल्वेचे संग्रहालय २००२ पासून आहे, ते अधिक समृद्ध व्हावे. एखादे जुने स्टेशन जसेच्या तसे राखावे. पण वस्तूचा वारसा संग्रहालयात राहतो, वाटेचा वारसा वाटेवरच राहतो. ज्या लाइनीचे काम आजही शिल्लक आहे, तिला स्मारक करणे म्हणजे तिला सन्मानाने बंद करणे होय.

मग पुनरुज्जीवन कसे करावे? इथे माझ्या उत्तराचा दुसरा भाग येतो, मार्ग पुढे कुठे पोहोचतो हा. आर्वीची लाइन आर्वीलाच संपत होती. टोकाला संपणाऱ्या फाट्याला एकाच दिशेची वाहतूक मिळते. महाराष्ट्रातल्या जुन्या अरुंद फाट्यांपैकी ज्यांना आज भवितव्य आहे, ते सर्व टोक उघडून पुढे निघालेले आहेत. जळगाव जिल्ह्यातली पाचोरा–जामनेर गाडी रुंद करताना ती जामनेरपुढे बोदवडला, म्हणजे पुन्हा मुख्य मार्गाला नेण्याचे ठरले. दौंड–बारामती हा १९१४ चा अरुंद फाटा आज रुंद आहे आणि तो फलटणमार्गे लोणंदला जोडण्याचे काम हाती घेतले गेले. आर्वीसाठीही हाच मार्ग आहे. आर्वीहून आष्टीमार्गे रूळ वरूडला नेला, तर तो नरखेड–अमरावती मार्गाला मिळतो. पुलगावच्या बाजूने हावडा मार्ग आणि वरूडच्या बाजूने दिल्लीकडची वाट, अशी दोन्ही तोंडे उघडी होतात. मधला संत्र्याचा पट्टा रेल्वेच्या आवाक्यात येतो. यवतमाळविषयी कोणी म्हणेल की वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरूही झाला, आता शकुंतलेचे काय काम? उलट आता तिचे काम वाढले आहे. वर्ध्याकडून यवतमाळला येणारी गाडी यवतमाळहून दारव्हा-मूर्तिजापूरमार्गे अचलपूरला जाऊ शकली, तर जुना तुटका फाटा जोडमार्ग होईल. २०१६ मध्ये शकुंतलेच्या रुंदीकरणाची घोषणा झाली ती या दृष्टीने योग्यच होती. पण मालकीचा गुंता पूर्ण सुटल्याशिवाय घोषणेचे रूळ होत नाहीत.

समुद्रपूरसारख्या, छोटी गाडीही कधी न आलेल्या तालुक्याने या इतिहासातून काय घ्यावे? एवढेच की आपल्याजवळून जाणारी प्रत्येक लाइन, हिंगणघाटची असो, उमरेडची असो वा आर्वीची, ही संपूर्ण जिल्ह्याची गोष्ट आहे. आर्वीचा रूळ हे फक्त आर्वीकरांचे गाऱ्हाणे नव्हे. नाशिकची ट्राम रस्त्याच्या पोटात गेली ती परत आणता येणार नाही, कारण तिची जागाच उरली नाही. आर्वी आणि शकुंतलेच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या वावरांतून संपादन केलेला तो सलग पट्टा हीच त्यांची सर्वांत मोठी ठेव आहे. आज तेवढी सलग जमीन नव्याने घ्यायची म्हटले तर किती कज्जे, किती वर्षे आणि किती पैसा लागेल, हे कोणत्याही तलाठ्याला विचारावे. म्हणून मागणीचा क्रम असा असावा: पहिली, पट्ट्याची मोजणी करून त्यावरची अतिक्रमणे थांबवावीत. दुसरी, जुन्या कंपनीचा हक्क कायद्याने, योग्य मोबदला देऊन, एकदाचा संपवावा आणि लाइन निर्विवाद सार्वजनिक मालकीची करावी. तिसरी, रूळ पुढच्या जाळ्याला जोडूनच रुंद करावा. स्टेशनांची रंगरंगोटी, जुन्या इंजिनाचे चौकातले स्मारक, हे त्यानंतर. ग्रामपंचायतींचे ठराव, पंचायत समित्यांचे ठराव, आमदार-खासदारांकडची निवेदने याच क्रमाने जावीत, आणि ती समुद्रपूर, हिंगणघाट, देवळी, आर्वी, आष्टी अशा सगळ्या तालुक्यांतून एकसुराने जावीत. पट्टा शाबूत आहे तोवर ही लाइन बंद आहे, गेलेली नाही.